एका पिनचं उत्तर १३१०७२ कसं?

प्रश्न : आमचा मासेमारीचा ट्रॉलर आहे. बोटीच्या तळात पाणी वाढलं की भोंगा वाजावा, म्हणून मी फ्लोट स्विच रास्पबेरी पायच्या १७ क्रमांकाच्या जीपीआयओ पिनला जोडला आणि शिकायचं म्हणून लिनक्स कर्नलचा छोटा ड्रायव्हर स्वतः लिहिला. फ्लोट हातानं उचलला तरी भोंगा गप्पच. पिनची किंमत छापून पाहिली तर १३१०७२! पिन चालू असते किंवा बंद असते. मग हा आकडा आला कुठून? आणि इतरांच्या ड्रायव्हरमध्ये कंसाआधी दोन उद्गारचिन्हं (!!) दिसतात, ती कशासाठी?
— इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, हर्णे (ता. दापोली)

उत्तर : तुमची पिन, तार आणि स्विच तिन्ही ठीक आहेत. १३१०७२ म्हणजे २ चा १७ वा घात, आणि तुमची पिनही १७ वीच. रास्पबेरी पायच्या चिपमध्ये ० ते ३१ या पिनांची स्थिती ३२ बिटांच्या एकाच रजिस्टरमध्ये शेजारी शेजारी मांडलेली असते. प्रोसेसर ते रजिस्टर अख्खं वाचतो. तुम्ही मास्क लावून बाकीचे बिट पुसलेत, पण १७ वा बिट आपल्या जागेवरच राहिला आणि त्या जागेची किंमत छापली गेली. ० क्रमांकाची पिन वापरली असतीत तर १ आला असता आणि चूक कित्येक महिने लपून राहिली असती.

तुमच्या कोडमध्ये बहुधा ‘किंमत १ असेल तर भोंगा वाजव’ अशी अट आहे. सी भाषेत शून्य सोडून कुठलीही संख्या ‘खरी’ धरली जाते. पण थेट १ शी तुलना केली की १३१०७२ नापास. याहून वाईट प्रकारही होतात. हीच किंमत ८ बिटांच्या चलात ठेवलीत तर खालचे आठही बिट शून्य असल्यानं उत्तर चक्क ० येतं. ३१ व्या पिनचा बिट ‘इंट’मध्ये गेला तर संख्या ऋण होते, आणि कर्नलमध्ये ऋण संख्या म्हणजे त्रुटी.

उद्गारचिन्हांचं काम इथंच आहे. सीमध्ये ! चिन्ह शून्याचा १ करतं आणि इतर कशाचाही ०. दुसरं ! ते उलटवून मूळ अर्थावर आणतं; फरक इतकाच, की आता हाती ० किंवा १ यांखेरीज काही येऊच शकत नाही. बिट १७ घरं उजवीकडे सरकवून १ नं मास्क केला तरी तेच साधतं, आणि रास्पबेरी पायचा कर्नलमधला ड्रायव्हर तसंच करतो. ‘बूल’ प्रकाराचं चल असेल तर !! ची गरज नाही, असं कर्नलची कोडिंग नियमावली स्वतःच सांगते. कारण सी९९ पासून त्या प्रकारात टाकलेली प्रत्येक शून्येतर संख्या १ होते.

पण पिन वाचणाऱ्या फंक्शनला ‘बूल’ परत करून चालत नाही, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. त्या फंक्शनला तीन उत्तरं द्यावी लागतात : नाही, हो, आणि ‘वाचताच आलं नाही’. कर्नलच्या जीपीआयओ विभागाच्या प्रमुखांपैकी एक असलेले लिनस वालेई (लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ते हे नव्हेत) यांनी डिसेंबर २०१५ मध्ये एकामागून एक ड्रायव्हर दुरुस्त केले ते यासाठीच. ऋण संख्या त्रुटीसाठी राखायची, तर खऱ्या वाचनाची किंमत ० किंवा १ हवीच. २०२५ पासून जीपीआयओचा मध्यवर्ती कोडही ड्रायव्हरनं दिलेली किंमत तपासू लागला आहे.

उद्या पिना पुरल्या नाहीत म्हणून तुम्ही पीसीएफ८५७४ सारखी चिप आय-टू-सी वर जोडाल. तिथं वाचन फसू शकतं आणि −५ हा त्रुटीचा आकडा हाती येऊ शकतो. तो न तपासता मास्क लावलात तर २ क्रमांकाची पिन ० दिसेल आणि बाकी साती पिना १, कारण −५ मध्ये शून्य असलेला बिट तेवढा एकच. तळात पाणी आहे की नाही हे कळलेलंच नसताना पडद्यावर मात्र ठाम उत्तर! म्हणून आधी ऋण आहे का ते बघा, असेल तर ती त्रुटी जशीच्या तशी वर पाठवा, आणि मगच !! लावा.

स्विच उलट्या अर्थाचा असेल, म्हणजे ० ला ‘पाणी आहे’ असं समजायचं असेल, तर ड्रायव्हरमध्ये उलटापालट करू नका. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, तशी नोंद करा. ड्रायव्हरनं पिनवरचा खरा व्होल्टेज-स्तर सांगावा. अर्थ लावण्याचं काम वरच्या थराचं.

!! नं लाटांचा प्रश्न मात्र सुटत नाही. सुवर्णदुर्गाच्या आडोशाला नांगरलेली बोटही हलत असते, त्यामुळे फ्लोट सारखा वर-खाली होणार. काही सेकंद किंमत स्थिर राहिली तरच भोंगा वाजवा. आणि जोडणी अशी ठेवा, की कोरडं असताना स्विचनं पिन ग्राउंडला जोडलेली असेल, पाणी चढलं की स्विच उघडेल आणि पुल-अपमुळे पिनवर १ येईल. मग खाऱ्या हवेनं टोक गंजलं किंवा तार तुटली तरी भोंगा वाजेलच.

१ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदीत बोट किनाऱ्यावर येईल, तेव्हा तीन चाचण्या करा : फ्लोट उचलून, तार काढून, आणि पुढं चिप जोडलीत तर तिची आय-टू-सी ची वायर सोडवून. तिसऱ्या चाचणीत ० किंवा १ दिसला, तर ड्रायव्हर अजून बोटीवर चढवू नका.