‘कधीपासून?’ या प्रश्नाचे खरे उत्तर

दवाखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, “कधीपासून होतंय?” आजारी माणूस म्हणतो, “झाले चार-पाच दिवस.” सोबत आलेली सून म्हणते, “चार कसले, पंधरवडा झाला!” दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. मनातला वेळ आणि घड्याळातला वेळ वेगळा असतो, एवढेच. पण औषधोपचार चालतो तो घड्याळावर आणि कॅलेंडरवर. म्हणून हा फरक समजून घेऊ.

मनाचे घड्याळ

पाहायला डोळे आहेत, ऐकायला कान आहेत. वेळ मोजायला असे वेगळे इंद्रिय आपल्याला नाही. मेंदू अंदाज बांधतो. वाट पाहताना सगळे लक्ष वेळेकडेच असते, म्हणून रुग्णवाहिकेची दहा मिनिटे तासासारखी वाटतात. लावणीत हात गुंतले की दुपार कधी सरली ते कळत नाही.

मागे वळून पाहताना हिशेब बदलतो. नव्या, ठळक आठवणी जास्त असतील तो काळ मोठा वाटतो. एकसारखे दिवस मात्र एकमेकांत मिसळून जातात. टाळेबंदीत एक-एक दिवस सरत नव्हता. आज मात्र कोणती गोष्ट २०२० ची आणि कोणती २०२१ ची, हे पटकन सांगता येत नाही.

भीतीत वेळ लांबतो

३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आंजर्ल्यात कोण विसरेल? हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वादळाने दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. आपल्या दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात माड-पोफळी आडव्या झाल्या, छपरे उडाली. वारा किती वेळ झोडपत होता असे विचारले, तर एकाच वाडीत कोणी तीन तास सांगेल, कोणी दिवसभर.

२००७ साली अमेरिकेतील डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडले. दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा स्वतःचे पडणे त्यांना सुमारे एक तृतीयांशाने जास्त वेळ चालल्यासारखे वाटले. पण पडताना त्यांना नेहमीपेक्षा जलद काही वाचता आले नाही. म्हणजे वेळ प्रत्यक्षात संथ झाला नव्हता. भीतीत आठवण दाट साठते, म्हणून तो नंतर लांब वाटतो.

आजारात धोका कुठे?

झटका (फिट) आलेल्या मुलाच्या आईला दोन मिनिटे अर्ध्या तासासारखी वाटतात. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर ती तातडीची अवस्था असते. म्हणून मुलाला कुशीवर वळवा आणि लगेच घड्याळ पाहा.

पक्षाघातात उलटे घडते. तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, बोबडी वळते, आणि “थोडे पडून राहू” म्हणता म्हणता तास निघून जातात. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. आपल्याकडून दापोलीला आणि तिथून पुढे जाण्यातच बराच वेळ जातो. अशा वेळी डॉक्टरांना हवे असते ते एकच: माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला? झोपेतून उठल्यावर त्रास दिसला, तर रात्री झोपण्याची वेळ सांगा.

रोजचा खोकला तर मोजलाच जात नाही. दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी हवी.

आठवणीला खुंटी हवी

१८ मे १९८० रोजी अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्याने लोकांना “गेल्या सहा महिन्यांत” असे न विचारता “उद्रेकानंतर” काय घडले, असे विचारले. जुन्या घटना अलीकडच्या म्हणून सांगण्याची चूक त्यामुळे कमी झाली. १९८३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे अशा खुंट्या भरपूर आहेत. आजीला “किती वर्षांपासून दम लागतो?” असे विचारू नका. “निसर्ग वादळाच्या आधी की नंतर?” असे विचारा. मग जवळ या: १४ एप्रिलच्या जयंतीत चालत आली होती का? वर्षावास सुरू झाला तेव्हा जिना चढत होती का? मासेमारीची बंदी उठून होड्या समुद्रात गेल्या तेव्हा काय होते?

घरोघरी एवढे करा

• भिंतीवरच्या कॅलेंडरला पेन बांधून ठेवा. ताप, खोकला ज्या दिवशी सुरू झाला त्या तारखेवर लिहा.

• पाळीचा पहिला दिवस खूण करून ठेवा. गरोदरपणाचे आठवडे त्यावरूनच मोजतात.

• साप चावला, झटका आला, पक्षाघाताचे लक्षण दिसले, तर १०८ ला फोन करा आणि वेळ लिहून घ्या.

• वडीलधारी माणसे एकटी राहत असतील आणि मुले मुंबईला असतील, तर शेजाऱ्याने सकाळ-संध्याकाळ हाक मारावी. ‘शेवटचे ठणठणीत कधी दिसले’ याचे उत्तर त्यामुळे मिळते.

कागदावर लिहिलेली तारीख बदलत नाही. दवाखान्यात जाताना ते कॅलेंडर सोबत न्या.