काळजीवाहू भत्ता : मागावा की नाही?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २४ अन्वये शासनाने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत सामाजिक सुरक्षेच्या योजना आखावयाच्या आहेत. अधिक आधाराची गरज असणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्ता ही त्यांतील एक तरतूद होय. कर्नाटकाच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन व मल्टिपल स्क्लेरॉसिस असलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना दरमहा १,००० रुपये देण्याची घोषणा झाली.

समजा, बंगळूरमधील एका मातेने सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी दरमहा १५,००० रुपयांची नोकरी सोडली. हे गमावलेले वेतन म्हणजे काळजीचा संधी-परिव्यय. भत्ता त्याचा केवळ पंधरावा भाग भरून काढतो. म्हणून ‘एवढ्यासाठी अर्ज कशाला?’ असे कुटुंबास वाटते. ही तुलना चुकीची आहे. अर्ज केला वा न केला, तरी वेतन गेलेलेच आहे. तुलना अर्जाच्या खर्चाशी करावयास हवी. प्रमाणपत्र व कागदपत्रांपायी वडिलांची ५०० रुपये रोजाची चार दिवसांची मजुरी बुडाली, तरी ते २,००० रुपये दोन महिन्यांत भरून निघतात.

मुलावर शिक्का बसेल, ही भीतीही अनेकांना अडवते. तिचे मोल रुपयांत मांडता येत नाही. तथापि मागणी न करणाऱ्या कुटुंबाची गरज लाभार्थींच्या संख्येत उमटत नाही, आणि पुढील तरतूद करताना बहुधा तीच संख्या पाहिली जाते. घरातील विनावेतन काळजी राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जात नाही. निदान भत्त्याच्या नोंदीत तरी ती दिसावी.