हायड्रोजनचं गणित अडतं कुठे?

प्रश्न : हायड्रोजन जाळला की फक्त पाणी उरतं आणि तो निघतोही पाण्यातूनच. मग सगळ्या गाड्या त्यावर का चालत नाहीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालतील, पण परवडणार नाहीत. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. तो पुन्हा सुटा करायचा तर जळताना मिळालेली सगळी ऊर्जा परत मोजावी लागते, वर नासाडी वेगळी. एका किलोसाठी इलेक्ट्रोलायझर 50 ते 55 युनिट वीज खातो. त्या किलोत हाती लागतात साधारण 33 युनिट. मग तो 700 बार दाबाने टाकीत कोंबायचा आणि फ्युएल सेलमधून त्याची परत वीज करायची. यात आणखी निम्मी जाते. तीच वीज सरळ बॅटरीत भरली असती तर गाडी दुपटीहून लांब गेली असती. पुण्यात 2022 साली केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी हायड्रोजनवर चालणारी बस दाखवली होती. म्हणजे तंत्र आपल्याला येतं, जमत नाही तो हिशेब.

मला विचाराल तर छोट्या गाड्यांचा नाद सोडावा. जग आजही वर्षाला नऊ कोटी टनांहून जास्त हायड्रोजन वापरतं, मुख्यतः तेलशुद्धीकरणात आणि खतांसाठी. तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू आणि कोळशातून येतो. वायूतून काढला तर किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो. असं गिऱ्हाईक आयतं आहे, त्याच्यासाठी गावोगाव पंप उभारायला नकोत. एक मेख मात्र आहे. युरियाला कार्बन डायऑक्साइड लागतोच आणि आज तो वायूतूनच आयता मिळतो. हायड्रोजन पाण्यातून काढला तर कार्बन डायऑक्साइड दुसरीकडून आणावा लागेल. डीएपी खताला ही अडचण नाही, त्याला अमोनिया लागतो, पण कार्बन डायऑक्साइड लागत नाही.

केंद्राच्या 2023 च्या हरित हायड्रोजन मोहिमेचं लक्ष्य 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं आहे, तरतूद 19,744 कोटी रुपयांची. पाण्याची भीती बरेच जण घालतात, पण किलोला नऊ लिटर, शुद्धीकरणातलं वाया जाणारं धरून त्याहून काहीसं जास्त, एवढंच ते लागतं. खरी भूक विजेची: या लक्ष्यासाठी सुमारे 125 गिगावॉट नवी सौर-पवन क्षमता लागेल. आणि सूर्य मावळला की स्वस्त वीज थांबते, महागडं यंत्र रात्रभर बसून राहतं. पवनवीज किंवा साठवणीची जोड दिली तर ते चालतं, पण मग युनिटचा दर चढतो.