डिझेल जीपगाडी आणि इंधनाची काटकसर
वसई-विरार भागातील बागायतदार व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांच्यासाठी

वसईच्या वाडीतील माल नाशवंत आहे. मोगरा, सोनचाफा, विड्याची पाने, केळी व ताजी भाजी वेळेवर बाजारात पोचली तरच तिला भाव मिळतो. पूर्वी हा माल पाट्यांतून लोकलगाडीने दादरला जाई. आजही काही प्रमाणात जातो. परंतु आता अनेक बागायतदार स्वतःची डिझेल जीप अथवा पिकअप गाडी वापरतात. पावसाळ्यातील चिखल, अर्नाळा-राजोडीकडील रेताड वाटा आणि पूर्वेकडील डोंगराळ भाग लक्षात घेऊन कित्येकांनी चारही चाकांवर जोर देणारी, म्हणजे फोर-व्हील गाडी पसंत केली आहे.

ही गाडी उपयुक्त असली तरी साध्या गाडीपेक्षा जड असते व तिला डिझेलही अधिक लागते. जमीन थोडी, मजुरी महाग, आणि त्यात वाहतुकीचा खर्च वाढला, तर चांगले पीक येऊनही हाती काही उरत नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. तेव्हा डिझेलच्या काटकसरीत घराचे व देशाचे असे दोघांचेही हित आहे. ही काटकसर बहुतेक अंशी चालकाच्या हाती आहे.

प्रथम मोजमाप करावे

गाडी किती धावते हे अंदाजाने सांगू नये. पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी व मीटरवरील आकडा वहीत लिहावा. नेहमीच्या फेऱ्या झाल्यावर त्याच पंपावर, त्याच रीतीने टाकी पुन्हा भरावी. मधले अंतर ४४० किलोमीटर आणि भरलेले डिझेल ४० लिटर असेल, तर गाडी लिटरला ११ किलोमीटर धावली. एका वेळच्या हिशोबावर विसंबू नये. निदान तीन वेळचे आकडे पाहावेत.

एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविले असतील तर मीटर कमी अंतर दाखवितो. टायरचा घेर ५ टक्के मोठा असल्यास प्रत्यक्ष १०५ किलोमीटर चालूनही मीटरवर १०० च दिसतात. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी २० किलोमीटरपर्यंत मीटर ताडून पाहिल्यास हा फरक कळतो.

आता बचतीचा हिशोब पाहू. समजा, एका बागायतदाराची गाडी महिन्यात २६ फेऱ्या करते आणि फेरीचे जाऊन-येऊन अंतर ११० किलोमीटर आहे. महिन्याचे २,८६० किलोमीटर झाले. लिटरला ११ च्या हिशोबाने २६० लिटर लागतील. तीच गाडी १२.५ किलोमीटर धावू लागली तर सुमारे २२९ लिटर पुरतील. लिटरला ९० रुपये धरले, तरी महिन्यास अदमासे २,८०० आणि वर्षास ३३,५०० रुपये वाचतात.

चारही चाकांचा जोर केव्हा लावावा

बहुतेक जीपगाड्यांत यासाठी वेगळा दांडा किंवा बटण असते. २ एच म्हणजे केवळ मागच्या चाकांवर जोर, ४ एच म्हणजे चारही चाकांवर जोर, आणि ४ एल म्हणजे चारही चाकांवर जोर पण अगदी संथ गती.

डांबरी अथवा सिमेंटच्या कोरड्या रस्त्यावर २ एच हीच योग्य जागा होय. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. ४ एच लावल्यावर पुढचा व मागचा दांडा एकमेकांशी बांधला जातो. चिखलात चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या रस्त्यावर ते घसरू शकत नाही. परिणामी सर्व यंत्रणेवर ताण येतो, टायर झिजतात, गाडी वळताना अडखळते आणि डिझेल व्यर्थ जाते. काही गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या तुंब्यांवर कुलपे असतात. चांगल्या रस्त्यावर आल्यावर तीही मोकळी करावीत. ज्या गाड्यांत चारही चाकांवर कायम जोर असतो त्यांची रचना वेगळी असते. त्यांच्या बाबतीत गाडीची पुस्तिका पाहावी.

चिखलात किंवा रेतीत शिरण्यापूर्वीच ४ एच लावावे. गाडी रुतल्यावर लावून इंजिन घोंघावत ठेवणे हे डिझेल जाळणे होय. ४ एल केवळ जड ओढ, तीव्र चढ किंवा रुतलेली गाडी काढणे यांसाठी आहे. चारही टायर एकाच मापाचे व सारख्याच झिजेचे असावेत.

टायर व चाके

हवा कमी असली की टायर दबतो आणि गाडी जणू सतत चढ चढत राहते. हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, तपासावी. योग्य दाब दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेला असतो. रिकाम्या व भरलेल्या गाडीचा दाब वेगळा असतो. रेतीसाठी हवा कमी केली असेल, तर डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरून घ्यावी.

ब्रेक धरून राहतात काय, हेही पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून, दुसऱ्या चाकांना अडण्या लावून, एकेक चाक जॅकवर उचलावे व हाताने फिरवावे. ते जड फिरत असल्यास कारागिराकडून दुरुस्ती करून घ्यावी.

हवा व डिझेल स्वच्छ असावे

इंजिनाला डिझेलइतकीच स्वच्छ हवेची गरज असते. पावसाळा संपल्यावर कच्च्या रस्त्यांवरील धुळीने हवेची गाळणी लवकर भरते. कागदी गाळणी आतून बाहेर हलक्या हवेने झटकावी. ती धुऊ नये व मुदत संपल्यावर बदलावी. जुन्या गाड्यांतील तेलाच्या गाळणीचे भांडे साफ करून खुणेपर्यंत नवे तेल भरावे.

धूर हा इंजिनाचा जबाब आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल अधिक जाते. निळा धूर म्हणजे इंजिनातील वंगण जळते. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात नाहीसा होतो. तो टिकून राहिल्यास तपासणी आवश्यक आहे. जोर वाढावा म्हणून जुन्या गाडीचा पंप अधिक खुला करून घेण्याची चाल आहे. तीत धूर व खर्च हेच वाढतात. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत डिझेलचा दाब फार मोठा असतो. त्यांच्या नळ्या घरी कधीही सोडू नयेत. अशा पुष्कळ गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. फक्त जवळच्या फेऱ्या केल्यास ती भरते व साफ होण्यास जास्त डिझेल खाते. म्हणून मधून मधून महामार्गावर सलग धाव द्यावी.

डिझेलमध्ये पाणी जाऊ देऊ नये. गाळणीखालील पाण्याचा निचरा ठरल्या वेळी करावा. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई व नालासोपारा परिसरात दिवसेंदिवस पाणी साचले होते. अशा वेळी बुडालेली गाडी चालू करून पाहू नये; पाणी इंजिनात गेले असल्यास ते मोडते. आधी तपासणी करावी.

चालविण्याची रीत

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग ताशी ६० वरून ८० किलोमीटर केला तर हा विरोध सुमारे पाऊणपट अधिक होतो. जीपची ठेवण चौकोनी असल्याने तिला याचा फटका अधिक बसतो. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग काटकसरीचा मानते. महामार्गावर मात्र डाव्या मार्गिकेत राहून, मागील वाहतुकीचे भान ठेवून चालावे. टपावरील रिकामी जाळी काढून ठेवावी आणि ताडपत्री घट्ट बांधावी. पहाटेची वेळ गाठण्यासाठी वेग वाढविण्यापेक्षा पंधरा मिनिटे आधी निघणे स्वस्त पडते.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्यास डिझेल वाचते, हा समज चुकीचा व घातक आहे. आधुनिक डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला की डिझेलचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राखण्यास ते जळतच राहते. शिवाय सारा भार ब्रेकवर येतो. घोडबंदर रस्त्यावरील गायमुखच्या उतारावर भरलेली गाडी नेताना हे कधीही विसरू नये.

उभ्या गाडीचे इंजिन तासाला सुमारे अर्धा ते एक लिटर डिझेल पिते. बाजारात रोज अर्धा तास ते चालू राहिले, तर २६ दिवसांत ६ ते १३ लिटर जातात. माल उतरविताना इंजिन बंद करावे. टर्बो असलेली गाडी मात्र चढ किंवा लांब धाव संपताच लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावी.

एकत्र वाहतूक

सर्वांत मोठी बचत न केलेल्या फेरीत असते. दोन शेजाऱ्यांच्या अर्ध्या भरलेल्या दोन गाड्यांपेक्षा मर्यादेत भरलेली एक गाडी कमी डिझेलात तोच माल पोचविते. पाळी ठरवून, पाट्यांवर नावे घालून व भाड्याचा हिशोब वहीत ठेवून हे सहज साधते. परतीच्या फेरीत खत किंवा बियाणे आणावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

१. गावातील गाडीमालकांना टाकी भरून मोजण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखवावी.
२. पावसाळ्यापूर्वी व नंतर टायर, ब्रेक आणि गाळण्या तपासण्याचा एक दिवस ठरवावा.
३. २ एच, ४ एच व ४ एल यांचा उपयोग वाडीतील वाटेवर करून दाखवावा.
४. जवळच्या वाड्यांचा माल एकत्र पाठविण्यासाठी लहान गट जुळवून द्यावेत.

यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठे भांडवल लागत नाही. एक वही, हवेचा दाब मोजण्याचे एक साधन आणि थोडी शिस्त एवढ्यावर आरंभ करता येतो. वाडीत थेंब थेंब पाणी जपणाऱ्या बागायतदारास डिझेलचा थेंब जपणे अवघड नाही.