दिवा का लागला नाही? तलवारबाजीच्या विद्युत उपकरणांतील बिघाड शोधताना



शाळेत विजेचा धडा शिकवताना आपण सेल, स्विच, बल्ब आणि वायर घेतो. बल्ब लागला की टाळ्या, नाही लागला की "सर, सेल उतरलाय!" बरेचदा सेल चांगला असतो, बिघाड दुसरीकडेच असतो. आज हाच धडा आपण तलवारबाजीच्या मैदानावर, म्हणजे पिस्टवर, शिकणार आहोत. रांजणगाव परिसरातली काही मुलं हा खेळ खेळतात. त्यांना तर हे यायलाच हवं. पण न खेळणाऱ्यांनीही वाचा, कारण बिघाड शोधायची पद्धत सगळीकडे सारखीच असते.

आधी एक घडलेली गोष्ट

एका स्पर्धेत आमची एक मुलगी इपी प्रकारात खेळत होती. गुण ४-४. पुढचा गुण मिळवणारी जिंकणार. दोघींनी एकदमच वार केला. दिवा मात्र प्रतिस्पर्धी मुलीचाच लागला. आमची मुलगी म्हणाली, "माझं टोक लागलं होतं!" आणि रागाच्या भरात तिनं वायर उपसली, तलवार दोनदा जमिनीवर आपटली आणि दुसरी तलवार घेतली. मग पंचांकडे तक्रार केली. पंच शांतपणे म्हणाले, "आता मी तपासू काय?" सामना ५-४ नं गेला.

संध्याकाळी तिचे वडील घ्यायला आले. ते एमआयडीसीत एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहेत. त्यांनी पिशवीतून मल्टिमीटर काढला, बॉडी वायरला लावला आणि प्लगजवळ वायर हलवली. आकडा उड्या मारायला लागला. आतली तार तुटली होती, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत. ते लेकीला म्हणाले, "बाळा, मशीन बंद पडलं की आमच्याकडे पहिलं वाक्य काय असतं माहितीये? हात लावू नका, आधी बघा."

त्या मुलीचं म्हणणं खरं होतं. पण तिनं पुरावाच मोडून टाकला होता. असं का, ते पुढे पाहू.

यंत्र आलं कधी?

पूर्वी वार लागला की नाही हे पंच डोळ्यांनी ठरवत. वेग इतका की डोळा चुकणारच. म्हणून वीज आली. ऑलिंपिकमध्ये इपीला विद्युत यंत्र १९३६ साली बर्लिनला, फॉईलला १९५६ साली मेलबर्नला आणि सेबरला १९९२ साली बार्सिलोनाला वापरलं गेलं. ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज म्हणजे तमिळनाडूची भवानी देवी. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती सेबर खेळली.

परिपथ समजून घ्या

खेळाडूच्या तलवारीपासून यंत्रापर्यंत साखळी अशी असते: तलवार, तलवारीचं सॉकेट, अंगातल्या जॅकेटखालून जाणारी बॉडी वायर, पाठीमागची रील, जमिनीवरची केबल आणि शेवटी यंत्र. साखळीतली एक कडी तुटली की सगळं थांबतं.

बॉडी वायरमध्ये तीन तारा असतात. त्यांना आपण अ, ब, क म्हणू. इपीच्या प्लगला तीन पिना असतात. मधली ब. तिच्यापासून १५ मिलिमीटरवर अ आणि दुसऱ्या बाजूला २० मिलिमीटरवर क. अंतर मुद्दाम वेगळं ठेवलंय, म्हणजे प्लग उलटा बसत नाही.

*इपी:* इथे परिपथ एरवी उघडा असतो. टोक दाबलं की अ आणि ब जोडल्या जातात आणि दिवा लागतो. अगदी घराच्या बेलच्या बटणासारखं. क ही तार तलवारीच्या वाटीला जोडलेली असते. प्रतिस्पर्ध्याच्या वाटीवर टोक लागलं तर दिवा लागू नये, हे तिचं काम.

*फॉईल:* इथे उलटं. ब आणि क यांचा परिपथ एरवी बंद, म्हणजे जोडलेला असतो. टोक दाबलं की तो तुटतो. त्या क्षणी टोक प्रतिस्पर्ध्याच्या धातूच्या जॅकेटला, म्हणजे लामेला, लागलेलं असेल तर रंगीत दिवा; नसेल तर पांढरा. अ ही तार आपल्या स्वतःच्या लामेला क्लिपनं जोडलेली असते.

*सेबर:* इथे टोकाला बटण नसतं. संपूर्ण पातं लामेला किंवा मुखवट्याला टेकलं तरी दिवा लागतो. म्हणून मुखवटा आणि जॅकेट यांना जोडणारी छोटी वायर इथे महत्त्वाची.

आता नीट विचार करा. इपीत तार तुटली तर दिवा लागणार नाही. फॉईलमध्ये ब किंवा क तुटली तर पांढरा दिवा विझणारच नाही. बिघाड एकच, लक्षणं उलटी! म्हणून आधी खेळाचा प्रकार विचारा, मग निदान करा.

लक्षणावरून बिघाड

१. इपीत वार करूनही दिवा नाही: अ किंवा ब कुठेतरी तुटली आहे, किंवा टोकात घाण आहे.

२. इपीत वार न करता दिवा लागूनच राहतो: टोक आत अडकलंय, किंवा अ आणि ब एकमेकींना चिकटल्या आहेत.

३. इपीत समोरच्याच्या वाटीवर टोक टेकवलं तरी दिवा लागतो: बिघाड तुमच्याकडे नाही, समोरच्याकडे आहे. त्याची क तार तुटली आहे किंवा वाटी गंजली आहे.

४. फॉईलमध्ये पांढरा दिवा सतत: टोक, पात्यातली तार, बॉडी वायर किंवा रील यांत ब-क परिपथ तुटला आहे.

५. फॉईलमध्ये छातीवर वार करूनही पांढराच दिवा: समोरच्याच्या लामेची क्लिप सुटली आहे, लामे फाटला आहे किंवा त्याची अ तार गेली आहे.

६. फॉईलमध्ये छातीवर वार केला, तरी कधी कधी दिवाच नाही: टोकाजवळची चिकटपट्टी बघा. टोकापासून १५ सेंटिमीटरपर्यंत पातं चिकटपट्टीनं झाकलेलं हवं. ती फाटली की पात्याचा उघडा धातू समोरच्या लामेला टेकतो आणि परिपथ भलतीकडे जुळतो.

तिसरा आणि पाचवा मुद्दा पुन्हा वाचा. दिवा माझ्या बाजूचा, पण बिघाड समोरच्याचा! इथे मोठी मोठी माणसंही चुकतात आणि आपलीच चांगली तलवार उघडत बसतात.

साखळी अर्ध्यावर तोडा

सरावाच्या वेळी, प्रशिक्षकांना विचारून, हे करून बघा. इपीत दिवा लागत नाही असं धरू.

*पायरी १:* बॉडी वायर तलवारीतून काढा. प्लगच्या अ आणि ब पिना धातूच्या तुकड्यानं जोडा. दिवा लागला? म्हणजे बॉडी वायर, रील, केबल, यंत्र सगळं चांगलं. बिघाड तलवारीतच.

*पायरी २:* नाही लागला? बॉडी वायर रीलमधून काढा. रीलच्या सॉकेटमध्ये अ-ब वायरच्या तुकड्यानं जोडा. आता लागला, तर बॉडी वायर खराब.

*पायरी ३:* तरीही नाही? मग रील, केबल आणि यंत्र यांतून शोधा. दुसरी चांगली रील लावून बघा.

फॉईलमध्ये हेच ब आणि क जोडून करा. तिथे पांढरा दिवा *विझला* पाहिजे.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तलवार आणि वायर दोन्ही एकदम बदलली आणि दिवा लागला, तर दोषी कोण हे कळणारच नाही. विज्ञानाच्या प्रयोगात आपण एकच चल बदलतो ना, तसंच.

मल्टिमीटर काय सांगतो?

नववीत तुम्ही रोध आणि ओहमचा नियम शिकता. इथे तो कामाला येतो. नियमानुसार बॉडी वायरच्या प्रत्येक तारेचा रोध १ ओहमपेक्षा जास्त नसावा. फॉईल आणि इपीच्या तलवारीसाठी ही मर्यादा २ ओहम.

आधी मल्टिमीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवा. समजा ०.३ ओहम दिसलं, तर तो सुयांचाच रोध. मग वायर मोजली आणि १.४ आलं, तर खरा रोध १.४ − ०.३ = १.१ ओहम. म्हणजे वायर नापास. मोजताना ती प्लगजवळ हलवत राहा. आकडा स्थिर हवा. उड्या मारत असेल तर तार आतून तुटायला आली आहे. वायर सर्वांत जास्त तिथेच वाकते आणि तिथेच तुटते.

टोकाची परीक्षा वजनानं होते. इपीला ७५० ग्रॅम आणि फॉईलला ५०० ग्रॅम. वजनासकट टोक दाबून सोडलं की स्प्रिंगनं वजन वर ढकललं पाहिजे. स्प्रिंग मऊ पडली की नुसत्या स्पर्शानं दिवा लागतो आणि तलवार बाद होते.

आणखी एक शत्रू म्हणजे घाम. घामात मीठ असतं. खेळून आल्यावर मुलं तलवार, वायर आणि ओलं जॅकेट एकाच बॅगेत कोंबतात. आठवड्यात पिना हिरवट पडतात, वाटी गंजते. पुसा, वाळवा, वेगळं ठेवा. निम्मे बिघाड इथेच थांबतात.

सावधान: बॉडी वायरचा प्लग घरच्या विजेच्या सॉकेटमध्ये कधीही घालू नका. यंत्र चालू असताना त्याला जोडलेल्या वायरवर ओहम मोजू नका.

आता त्या मुलीकडे परत येऊ

नियम असा: दिवा लागल्याशिवाय पंच गुण देऊ शकत नाहीत, तुम्ही कितीही शपथा घ्या. पण तुमचं साहित्य बिघडल्यामुळे तुमचा वार नोंदला गेला नाही, हे तपासणीत सिद्ध झालं, तर समोरच्याचा शेवटचा गुण रद्द होऊ शकतो. अट एकच. पंचांनी तपासण्याआधी तुम्ही वायर काढायची नाही, तलवार बदलायची नाही.

तिनं हात वर करून "पंच, तपासा" एवढंच म्हटलं असतं तर? बिघाड सापडला असता, तो गुण रद्द होऊन ४-४ वरून पुन्हा खेळ सुरू झाला असता. ती जिंकली असतीच असं नाही. पण तिला संधी मिळाली असती.

यंत्रावर आंधळा विश्वासही ठेवू नका बरं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये आधुनिक पेंटॅथलॉनमध्ये सोव्हिएत संघाच्या बोरिस ओनिश्चेन्कोनं तलवारीच्या मुठीत चोरून स्विच बसवला होता. वार न लागताच दिवा लागायचा. ब्रिटनच्या जिम फॉक्सनं हरकत घेतली, तलवार उघडली गेली आणि ओनिश्चेन्को बाद झाला. तिथेही सत्य बाहेर आलं ते तलवार तपासल्यामुळेच.

आमची ती मुलगी आता सामन्याआधी स्वतः वायर मोजते. दोन तलवारी, दोन बॉडी वायर बरोबर ठेवते. आणि दिवा लागला नाही की हात वर करून गप्प उभी राहते. मला विचाराल तर, तिनं शिकलेला सगळ्यात अवघड डाव तोच.

स्वाध्याय

१. इपीत क तार तुटली तर तोटा कोणाला होईल? का?

२. मल्टिमीटरच्या सुयांचा रोध ०.४ ओहम आहे. बॉडी वायर मोजल्यावर १.२ ओहम आलं. वायर पास की नापास?

३. फॉईलमध्ये पांढरा दिवा सतत लागतोय. बॉडी वायर तलवारीतून काढून ब-क जोडल्यावर तो विझला. बिघाड कुठे?

४. *उपक्रम:* घरातला बंद पडलेला सेलवरचा टॉर्च घ्या. साखळीचं चित्र काढा आणि मोठ्यांच्या मदतीनं एका वेळी एकच गोष्ट बदलून बिघाड शोधा. काय काय केलं ते वहीत क्रमाने लिहा. टॉर्च लागला नाही तरी चालेल, नोंद मात्र खरी हवी.