गाणारा आकाशकंदील

परीक्षेमुळे दिवाळीला घरी न गेलेले काही जण हॉस्टेलवर दरवर्षी असतातच. गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर आम्ही चौघं होतो. आकाशकंदील लावला, पण सुनं सुनं वाटत होतं. म्हटलं, यालाच गायला लावू. आर्डुइनो उनो बोर्ड होताच, बझर आणला, प्रोग्रॅम टाकला. पण सगळं गाणं जवळजवळ एकाच सुरात! शेजारचा ओरडला, "कोण ट्रक रिव्हर्स घेतंय रे?"

चूक प्रोग्रॅमची नव्हती, बझरची होती. बझर दोन प्रकारचे असतात. अ‍ॅक्टिव्ह बझरच्या आत स्वतःचा ऑसिलेटर असतो, म्हणून त्याला एकच सूर येतो. पॅसिव्हमध्ये तो नसतो. आपण देऊ ती फ्रिक्वेन्सी तो वाजवतो. ओळखायचं कसं? ५ व्होल्ट डीसी द्या. सलग वाजला तर अ‍ॅक्टिव्ह, नुसतं 'टक्' झालं तर पॅसिव्ह. आपल्याला पॅसिव्ह हवा.

जोडणी सोपी आहे. पिन ८ पासून १०० ओहमचा रेझिस्टर, पुढे बझर आणि दुसरं टोक ग्राउंडला.

आता सूर. मी कॉन्व्हेंटचा, मला डो-रे-मी येतं. सारेगम रूममेटने शिकवलं. पांढरी एक पट्टी धरली तर सा २६२, रे २९४, ग ३३०, म ३४९, प ३९२, ध ४४०, नी ४९४ आणि वरचा सा ५२३ हर्ट्झ, म्हणजे जवळपास दुप्पट. 'टोन' फंक्शनला पिन, फ्रिक्वेन्सी आणि मिलिसेकंद सांगायचे. २६२ हर्ट्झसाठी पिन साधारण १.९ मिलिसेकंद चालू आणि तेवढीच बंद होत राहते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा :

१. 'टोन' सूर संपेपर्यंत थांबत नाही. सूर २५० मिलिसेकंदांचा असेल तर पुढे ३२५ चा 'डिले' द्या. नाहीतर लागोपाठचे दोन 'सा' एकच होतात. गाण्यात गॅपसुद्धा सुराइतकीच महत्त्वाची!

२. छोटा बझर २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास मोठ्याने वाजतो. आवाज कमी वाटला तर सगळे आकडे दुप्पट करा, चाल तीच राहते.

३. उनोवर 'टोन' चालू असताना पिन ३ आणि ११ चं पीडब्ल्यूएम बिघडतं. कंदिलातला एलईडी मंद-तेज करायचा असेल तर पिन ९ घ्या.

आमचा कंदील शेवटी लक्ष्मीपूजनाच्या रात्री गायला. वॉचमनकाका जिना चढून वर आले. वाटलं, आता बंद करायला लावणार. ते म्हणाले, "परत लावा की."