मधुमेह आहे, बाळ हवंय

प्रश्न : वय २९, टाइप २ मधुमेह, गोळ्या सुरू आहेत. सासूबाई म्हणतात, आधी दिवस राहू देत, मग डॉक्टरांकडे जाऊ. चालेल का?

उत्तर : नाही, आधी या. बाळाचं हृदय, मेंदू, मणका यांची घडण पहिल्या आठ आठवड्यांत होते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन सोनोग्राफी होईपर्यंत त्यातलं बरंच काम उरकलेलं असतं. त्या काळात साखर वाढलेली असेल, तर व्यंगाचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. म्हणून साखर फार खाली न जाता जमेल तितकी एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या आत आणा. ती १० च्या वर असेल, तर गर्भनिरोधक तूर्त थांबवू नका.

येताना गोळ्यांची सगळी पाकिटं आणा. मेटफॉर्मिन बहुधा चालू ठेवता येतं. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधं बदलावी लागतात. मनानं मात्र काहीच बंद करू नका. इन्शुलिन सुरू करावं लागलं, तरी घाबरू नका. ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅमचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं, दिवस राहण्याच्या तीन महिने आधीपासून घ्या. मूत्रपिंडं आणि डोळ्यांचा पडदा आताच तपासून घ्या. पडद्याचा आजार गरोदरपणात बळावू शकतो.